पोपटी थाळीखाली गेलेले धवले

कशेळ्याच्या नाक्यावर जीप थांबते तिथून चार पावलांवर सुचेताबाईंचं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका, अर्ज, दाखले, सगळं एका खोलीत. बाई मूळच्या कर्जतच्या. तिथं स्टेशनजवळ त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. अर्ध्या तालुक्याला त्यांनी टकटक करायला शिकवलं. पुढे टाइपरायटरला कुणी विचारेना, तेव्हा बाईंनी यंत्रं भंगारात घातली, चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकल्या आणि कर्जतला स्पर्धा फार म्हणून कशेळ्याला दुकान थाटलं. लग्न केलं नाही. रोज सकाळी जीपमध्ये पुढची सीट धरायची, डबा मांडीवर ठेवायचा आणि ड्रायव्हरला गाडी कशी चालवावी ते सांगत यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम.

बाईंना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे वेग. माणूस बोलतोय तोवर त्यांचं टाईप करून झालेलं असायचं, त्यामुळे आधी कागदावर उतरवून घ्यायचं आणि मग टाईप करायचं ही दुहेरी हमाली त्यांना मान्यच नव्हती. दुसरी म्हणजे सावधपणा. कशेळ्याला लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. सुरुवातीला एकदा ग्रामपंचायतीचा आख्खा अहवाल लाइटीबरोबर गेला, तेव्हापासून बाईंनी हाताला सवय लावून घेतली. एक ओळ झाली की सेव्ह. पुढची ओळ झाली की सेव्ह. बोलता बोलता, चहा पिता पिता, गिऱ्हाइकाशी भांडता भांडता डाव्या हाताची दोन बोटं आपोआप ती दोन बटणं दाबायची. "माझ्याकडे काम हरवत नाही," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. ऐकवणाऱ्यांचं पुढे काय होतं ते आपण पाहतोच.

कोंडीबाई त्यांच्याकडे आली ती पावसाळ्यात. वरच्या वाडीतली ठाकर बाई, साठीच्या पुढची. बाजाराच्या दिवशी पाटीत कंटोली नाहीतर अळूची पानं घेऊन खाली उतरायची आणि पाटी रिकामी झाली की परतीच्या जीपची वाट बघत दुकानाच्या पायरीवर टेकायची. कोंडीबाई धवलेरी होती. त्या वाड्यांवर लग्न लावायला भटजी लागत नाही, धवलेरी लागते. मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचा आपला धवला असतो. धवलेरी तो गाते आणि लग्न लागतं. आसपासच्या पाच-सहा वाड्यांतली कितीतरी लग्नं कोंडीबाईच्या गळ्यानं लागलेली होती.

"बाय," एके दिवशी ती पायरीवरून म्हणाली, "तुमी मशिनीत कायबी लिवता नं?"

"काय लिहायचंय?"

"माझं धवलं. वनिताला समदं येत नाय. मधीच इसरती. फाल्गुनात तिच्या पोरीचं, सुरेखाचं, लगीन हाय. नातीच्या लग्नात आजीनं गायचं नसतं आमच्यात, वनितालाच गावं लागंल. ती साळा शिकल्याली हाय, लिवल्यालं आसंल तं वाचून गाईल."

वनिता म्हणजे तिची मुलगी, वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती.

सुचेताबाईंनी फोन पुढे केला. "मग गा की. यात भरून ठेवू."

कोंडीबाईनं दोन्ही हात मागे घेतले. धवला मांडवाबाहेर गायचा नाही, हा तिचा नियम. तिच्या सासूनं घालून दिलेला. आवाज मांडवातलाच. नुसते शब्द सांगायलासुद्धा ती आधी गावदेवीपुढे नारळ ठेवून, परवानगी मागून आली होती. "अक्षर चालंल म्हनली देवी. आवाज नको," असं तिनं ठामपणे सांगितलं, आणि वाद घालायला देवी म्हणजे काही सुचेताबाईंचा जीपवाला नव्हती.

मग पावसाळाभर ते चाललं. बाजाराच्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की कोंडीबाई काउंटरच्या आत स्टुलावर बसायची, डोळे मिटायची आणि चाल गिळून नुसते शब्द सांगायची. चालीशिवाय शब्द तिलाही सापडायचे नाहीत. मनातल्या मनात गाऊन घ्यायची, ओठ हलायचे, आणि मग एक ओळ बाहेर यायची.

"हळद कुनी दळली गं, जात्याची झोप मोडली गं," ती म्हणायची. "लिवलं?"

"लिहिलं. पुढे?"

सुचेताबाईंनाही गोडी लागली. कधी नव्हे ते त्यांनी एखाद्या कामाला जीव लावला. पानांभोवती आंब्याच्या डहाळ्यांची किनार काढली, प्रत्येक धवल्याला ठसठशीत मथळा दिला. जत्रेतली पुस्तकं असतात तसं छोटं पुस्तक करायचं, शिवण घालायची, वर कोंडीबाईचं नाव. नवरात्रात शेवटची ओळ झाली. "दिवाळीनंतर देते छापून," बाई म्हणाल्या. कोंडीबाई उठली, मोठं ओझं उतरल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि जीपकडे गेली.

दिवाळीची गर्दी सुरू झाली. कळंबच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर घाईघाईत आला. मेनू कार्ड हवं होतं, पाहुणे संध्याकाळी येणार होते. बाई त्याला एकेक नमुना दाखवत होत्या, त्यात धवल्यांचं पान पडद्यावर आलं. "ही किनार द्या मॅडम," तो म्हणाला. "एकदम गावठी लुक. शहरातल्या लोकांना आवडतं."

दुकानाची रीत अशी की कुठलंही नवं काम कोऱ्या पानावर सुरू करायचं नाही. मागच्याचा अर्ज उघडायचा, नाव-गाव बदलायचं, नव्या नावानं ठेवायचा. नव्या नावानं ठेवायचं ते मात्र बाई नेहमी शेवटी करत. मागच्याचा कागद छापून गेलेला असायचा, त्यामुळे अधूनमधून जुन्यावर नवं चढलं तरी कुणाचं अडत नसे. त्या दिवशीही त्यांनी कोंडीबाईची फाइल उघडली, किनार ठेवली, आतलं सगळं पुसलं आणि टाईप करायला घेतलं. पोपटी थाळी, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. सेव्ह. गावरान चिकन, तांदळाची भाकरी. सेव्ह. सोलकढी. सेव्ह. मॅनेजर डोक्यावर उभा होता, बाहेर झेरॉक्सची रांग होती. प्रिंट काढली, फाइल बंद केली, मॅनेजर गेला. लाइट काही गेली नाही. पहिल्या सेव्हच्या आधीच गेली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना पुढे किती वेळा वाटलं!

कळलं ते पुढच्या बाजाराला. वनिता आली होती.

"बाई, आयनी बगायला सांगितलंय, पुस्तक कवा व्हतंय."

"झालंच समज. थांब, तुला पडद्यावर दाखवते," असं ऐटीत म्हणत सुचेताबाईंनी 'कोंडीबाई' नावाची फाइल उघडली. आंब्याच्या डहाळ्यांच्या मधोमध पोपटी थाळी आली. खाली गावरान चिकन, त्याखाली सोलकढी. बाईंनी पान खाली सरकवलं. खाली पान नव्हतंच.

त्यांनी पान वर नेलं, पुन्हा खाली आणलं. नशीब म्हणा किंवा दुर्दैव, पडदा वनिताकडे वळवायचा राहिला होता. खरं बोलायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी, आयुष्यभर पोरं खोटं बोलली की त्यांना तासाबाहेर उभं करणाऱ्या या बाई म्हणाल्या, "अगं, प्रिंटर बिघडलाय."

त्याच क्षणी मागे प्रिंटरनं घरघर केली आणि कुणाचा तरी सातबारा बाहेर टाकला.

वनितानं सातबाऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "रंगीत बिघडलाय," बाई म्हणाल्या. दुकानात रंगीत प्रिंटर नव्हताच, हे वनितालाही माहीत होतं. "बरं, पुढल्या बाजाराला येते," एवढंच म्हणून ती गेली. सुचेताबाईंचे कान तापून लाल झाले होते. पुढच्या माणसानं एक झेरॉक्स मागितली तर त्यांनी दहा काढून दिल्या.

त्या दिवसापासून बाई बाजाराच्या दिवसाला भिऊ लागल्या. जीपमध्ये ड्रायव्हरला काही सांगेनात. कोंडीबाई स्वतः आली तेव्हा त्या आतल्या बाजूला वाकून केबल शोधत बसल्या आणि खालूनच म्हणाल्या, "जरा थांबा हो कोंडीबाई, कागद यायचाय मुंबईहून." कोंडीबाईनं काउंटरवर केळीच्या पानात बांधलेले भाजलेले करांदे, रानातले कंद, ठेवले. "तुमास्नी आनलं बाय. मशिनीपुढं बसून बसून भूक लागत आसंल." ती गेल्यावर बाईंनी ते करांदे खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत. दोन दिवस तसेच होते, मग शेजारच्या चहावाल्याला दिले आणि घरी जाऊन रडल्या.

खरं सांगायला अडत काय होतं? कोंडीबाई चिडणार नव्हती. "परत सांगते," म्हणाली असती. तेच तर बाईंना नको होतं. तिनं पुन्हा नारळ घेऊन देवीकडे जायचं, पुन्हा परवानगी मागायची, आणि कशासाठी? तर माझ्याकडे काम हरवत नाही म्हणणाऱ्या बाईनं ते चिकनखाली घातलं म्हणून. देवीला हे कोंडीबाई काय सांगणार, असा विचार मनात आला की बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. त्यापेक्षा गुपचूप परत मिळवू, कुणाला कळायलाच नको, असं त्यांनी ठरवलं. गुपचूपचा सोस भारी वाईट.

इंटरनेटवरून त्यांनी हरवलेलं शोधून देणारी कसली कसली फुकटची सॉफ्टवेअरं उतरवली. एकानं मशीन हळू केलं, दुसऱ्यानं जाहिराती आणल्या. शेवटी खोपोलीला राहणाऱ्या भाचीला, श्रियाला, फोन केला. ती एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करायची. रविवारी स्कूटरवरून आली, मशीनपुढे बसली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, चुकून पुसलं गेलं की मशीनला हात लावायचा नसतो गं. जुनं जिथं पडलेलं असतं त्याच जागेवर नवं येऊन बसतं. तू वर हे सगळं उतरवलंस म्हणजे उरलंसुरलंही तुडवलंस."

"मला काय माहीत!" बाई खेकसल्या. आपल्याला माहीत नाही हे वाक्य या दुकानात त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

श्रियानं जुन्या आवृत्त्या शोधल्या, ती सोयच चालू केलेली नव्हती. मशीननं मधल्या मधे ठेवलेले तुकडे शोधले. दुपारपर्यंत पडद्यावर कचऱ्याचा ढीग झाला. अर्धे अर्ज, कुणाच्या साखरपुड्याची पत्रिका, चिन्हंच चिन्हं. "हे बघ, हे तर नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं आहे, टाकून देते," श्रिया म्हणाली.

"थांब!" बाईंनी तिचा हात धरला. ते कडबोळं नव्हतं. बाई अजून जुन्याच मराठी टाइपात, म्हणजे फाँटात, काम करायच्या, आणि तो टाइप लावला नाही तर मराठी मजकूर असाच दिसतो. त्यांनी मजकूर निवडला, टाइप बदलला. पडद्यावर अक्षरं उभी राहिली. मांडवाची मेढ कुनी आनली गं, मामानी आनली गं.

मांडवाचा धवला पूर्ण मिळाला. हळदीचाही मिळाला, पण मध्येच तुटलेला. त्यापुढे तेलवण, नवरदेवाचं येणं, गाठ बांधणं, पाठवणी, काहीही नाही. संध्याकाळपर्यंत श्रियानं हरतऱ्हेनं शोधलं. मग ती मागे टेकली.

"एवढंच. बाकीचं त्या आजींनाच विचार ना. त्यांच्याकडे तर आहेच."

इतकं सोपं होतं ते! पोरीनं सहज म्हटलं, आणि बाईंनीही सहजच उत्तर दिलं, "हो हो, विचारते की." जाताना श्रियानं पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं ते शिकवलं. नमुन्याच्या फाइलींना कुलूप लावायचं, म्हणजे त्यांच्यावर काही चढणारच नाही. नवं काम आधी नव्या नावानं ठेवायचं, मग त्याला हात लावायचा. जुन्या आवृत्त्या जपणारी सोय चालू करायची. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक इंटरनेटवर, आणि महत्त्वाचं असेल त्याची एक कागदावर.

सुचेताबाईंनी हे कामाला लावलं, आणि असं लावलं की कशेळ्यात तसं कुणी लावलं नसेल. रोज मशीनमधला एक कप्पा उघडायचा, प्रत्येकाची वेगळी फाइल करायची, नाव द्यायचं, कुलूप लावायचं, तीन ठिकाणी प्रती ठेवायच्या. भजनी मंडळाची वर्गणी, बचतगटाचे ठराव, ज्यांची पोरं आता शाळेत जातात त्यांच्या लग्नपत्रिका. सकाळी जीपमध्ये ठरवायचं, आज दुपारी वरच्या वाडीत जायचं आणि कोंडीबाईला सगळं सांगायचं. दुपारी आठवायचं की अजून पाणीपुरवठा समितीचा कप्पा राहिलाय. तो संपल्याशिवाय कसं जाणार? तो संपला की आणखी एक निघायचा. बाई मनाला सांगत होत्या की आपण चूक निस्तरतोय. तालुक्यातला एकेक कागद सुरक्षित झाला. सांगायचं ते एका माणसाला होतं, आणि तेवढं राहिलं.

मग एका सकाळी ड्रायव्हरच म्हणाला, "बाई, वरच्या वाडीतली कोंडी आजी नाय का, धवलेरी, तिला काल रातच्याला झोळीतून खाली आनली. आमच्याच गाडीतून सरकारी दवाखान्यात नेली. अर्ध आंग गेलंय. बोलता येत नाय म्हनतात."

बाईंच्या मांडीवरचा डबा घसरला. "बोलता येत नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं. ड्रायव्हरनं गिअर बदलला. त्याला काय, प्रश्नच कळला नसेल.

कोंडीबाईला दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा सुचेताबाई वाडीवर चढून गेल्या. पिशवीत सापडलेली पानं होती. छापलेली, शिवलेली, भोवती आंब्याच्या डहाळ्या. वनिता दारातच भेटली. आत कोंडीबाई बाजेवर उजव्या कुशीला कलंडून पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तेच. बाईंना पाहून तिनं काहीतरी आवाज काढला. त्यात शब्द नव्हता.

सुचेताबाई खाली जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. मेनू कार्ड, सेव्हचं बटण, प्रिंटर, मुंबईचा कागद, सगळं. एकदाही स्वतःची बाजू घेतली नाही. बोलताना त्यांनी मान वर केली नाही, त्यामुळे ऐकणाऱ्या दोघींचे चेहरे त्यांना दिसले नाहीत.

वनितानं आईच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

"मना ठावं व्हतं कायतरी झालंय," ती म्हणाली. "प्रिंटरच्या दिवशीच. आयला म्हनलं बी, बाईंकडून काय तरी हरपलंय बग. आय म्हनली, हरपलं आसंल तं सांगतील, मी परत सांगन. तुमी सांगाल म्हनून ती वाट बगत व्हती. दर बाजाराला खाली आली ती. पाटीत इकायला काय नसलं तरी आली."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बाईंनी सोसलं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं झालं ते सांगत होती. सुचेताबाईंना वाटलं आपण उठून निघून जावं, आणि उठायलाही लाज वाटली. त्या तशाच बसून राहिल्या.

"जे हाय ते वाचा तरी," वनिता म्हणाली. "आयला आयकू द्या."

बाई वाचायला लागल्या. इन्स्टिट्यूटमध्ये डिक्टेशन देत तशा, सपाट, एकेक शब्द तोडून. मांडवाची मेढ झाली. मांडवाचं तोरण झालं. वनिताचे ओठ हलू लागले, आवाज न काढता ती चालीत शब्द बसवत होती. कोंडीबाईचा डावा हात शाबूत होता. तिनं तो बाजेच्या लाकडावर ठेवला आणि बोटांनी हलकेच ठेका धरला. बाई जरा अडखळल्या, मग त्या ठेक्यावर वाचू लागल्या. हळद सुरू झाली. जात्याची झोप मोडली गं. नवरीच्या मावशीनं हात पिवळं केलं गं. पान संपलं. पुढची ओळ अर्धीच होती, ती त्यांनी अर्धी वाचली आणि थांबल्या. वनिताही थांबली.

कोंडीबाई थांबली नाही. बोटं बाजेवर वाजतच राहिली. डोळे मिटलेले. हळद संपली असावी, कारण ठेका बदलला. मग पुन्हा बदलला, संथ झाला, मग भरभर. वनिता आईच्या तोंडाशी कान नेऊन वाकली, काही ऐकू येतंय का पाहू लागली. श्वासाशिवाय काही नव्हतं. कोंडीबाईला कुणी थांबवलं नाही. बाहेर कोंबड्या दाणे टिपत होत्या, कुणीतरी वनिताला हाक मारली, ती उठली नाही. सुचेताबाई हातातलं संपलेलं पान धरून त्या बोटांकडे बघत राहिल्या. तेलवण, नवरदेवाचं येणं, गाठ, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून चाललं होतं, आणि त्यातलं एक अक्षर त्यांना टिपता येत नव्हतं.

खूप वेळानं हात थांबला. कोंडीबाईनं डोळे उघडले आणि सुचेताबाईंकडे पाहिलं. तिचं सगळं सांगून झालं होतं.